वाल्मीकभाऊंचं आवाजी बोलावणं

प्रशील बिऱ्हाडेनं जे केलं ते चांगल्या मनानं केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे हे वाक्य घुसवायला जागा मिळणार नाही.

झालं असं, की त्याचे धुळ्याचे मोठे मेहुणे वाल्मीक बैसाणे ओल्या फरशीवरून घसरले आणि पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून पलंगावर पडले. एरवी माणूस पडतो, उठतो, लोक संत्री घेऊन भेटायला येतात, संपलं. पण वाल्मीकभाऊंच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न तोंडावर आलेलं. पत्रिका छापून गठ्ठ्यात पडलेल्या. आणि आपल्याकडे नुसती पत्रिका पाठवली तर तिला कोणी बोलावणं म्हणत नाही, 'पत्रिका टाकून गेले' असं म्हणतात. मुलीच्या बापानं स्वतः दारात यावं, घोटभर पाणी प्यावं, घरातल्या एकेकाची विचारपूस करावी आणि मग उठता उठता 'या बरं का सगळे' म्हणावं, तेव्हा कुठे ते बोलावणं. नाही तर लग्न झाल्यावर वर्षानुवर्षं ऐकून घ्यायचं, "आम्हाला कुठे बोलावलं होतं तुम्ही!"

"मी कसा फिरू आता? पिंपळनेर काय, बोदवड काय, चारी दिशांना माणसं आहेत आपली," वाल्मीकभाऊ म्हणाले. जळगावहून भेटायला आलेल्या बहिणीपुढे, म्हणजे प्रशीलच्या बायकोपुढे, वृषालीपुढे, त्यांचा आवाज कापला. आणि वाल्मीकभाऊंचा आवाज कापणं ही साधी गोष्ट नव्हती. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. अजूनही बाजारात ते 'मेथी कशी दिली' म्हणाले, की चार लोक वळून बघतात आणि आपली गाडी लागली की काय म्हणून पिशव्या उचलतात.

नेमकं तिथेच प्रशीलच्या डोक्यात आलं. वृषालीनं नंतर पुष्कळदा म्हटलं, की त्या दिवशी मी एकटीच आले असते तर बरं झालं असतं.

प्रशील जळगावला पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. पण मनानं तो संगणक-प्रोग्रामर. टाळेबंदीच्या काळात बाकीच्यांनी घरी पाव भाजले, यानं व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकून घेतलं. आतापर्यंत त्यानं सोसायटीच्या पाण्याच्या वेळापत्रकाची एक वेबसाइट केली होती. ती चालायची. पाणी वेळापत्रकाप्रमाणे यायचं नाही, पण तो त्याचा दोष नव्हता.

"भाऊ, तुम्ही पलंगावरच बसा. तुमचा आवाज फिरेल," तो म्हणाला. "मी वेबसाइट करतो. प्रत्येक घरासाठी वेगळं पान. त्यांनी फोनवर लिंक उघडली की तुमचा आवाज येईल, त्यांचं नाव घेऊन. प्रत्येकाला वेगळं बोलावणं!"

वाल्मीकभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, हे जमलं ना, तर पोरीच्या लग्नात माझी लाज राहिली बघा." थोडं थांबून, प्लास्टरवर हात फिरवत ते म्हणाले, "आणि मग सोनगीरच्या आबांनाही बोलावता येईल. समोर जायची माझी हिंमत नाही. असं बोलता येईल."

सोनगीरचे सुकदेव आबा हे वाल्मीकभाऊंचे सख्खे काका. भाऊंचे वडील लवकर गेले. आबांनी गवंडीकाम करून या पुतण्याला शिकवलं, नोकरीच्या मुलाखतीला स्वतःचे बूट घालून पाठवलं. आणि प्रशील-वृषालीच्या लग्नात स्टेजवर सत्कार चालू असताना माइक वाल्मीकभाऊंच्या हातात होता. त्यांनी नगरसेवकाचं नाव घेतलं, बँकेच्या मॅनेजरचं घेतलं, मंडपवाल्याचंसुद्धा घेतलं, आणि आबांचं राहून गेलं. ज्या माणसाला अख्ख्या स्टँडच्या गाड्या तोंडपाठ, त्याला सख्ख्या काकाचं नाव आठवलं नाही. आबा न जेवता उठून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊ एकदा सोनगीरच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आले होते.

"आबा पुढच्या रांगेत बसले नाहीत ना, तर मला लग्नातली बुद्धवंदना सुरू झालेली ऐकूच येणार नाही," भाऊ म्हणाले. म्हणजे जे काही होतं ते यावर होतं. बाकी सगळी घरं एकीकडे आणि सोनगीरचं ते एक घर एकीकडे.

प्रशील जळगावला परतला तो छाती काढूनच.

पहिली अडचण शेजारच्या नवल पाटलांची. हे निवृत्त आहेत आणि सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नाही. जिन्यातच त्यांनी गाठलं. "कशाला वेबसाइट? सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवा ना."

हे वास्तविक बरोबर होतं. आणि बरोबर होतं म्हणूनच प्रशीलला ते फार लागलं. "पाटीलसाहेब, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळेच पाठवतात," तो म्हणाला. "त्यात मान कुठे राहिला? इथे पान उघडलं की भाऊंचा फोटो, वर पाहुण्यांचं नाव, मागे पाकळ्या पडताहेत." पाकळ्यांचं ऐकून पाटील गप्प झाले. त्यांना पटलं असं नाही, पण पाकळ्यांपुढे काय बोलणार.

दुसरी अडचण खरी होती. वेबसाइट ठेवायला त्यानं जी सगळ्यात स्वस्त जागा घेतली होती, तिथे आवाजाच्या फाइली ठेवायला बंदी होती. फक्त मजकूर चालेल. त्यानं मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजल्यावर एक बाई हिंदीत म्हणाल्या, की तुमची तक्रार नोंदवली आहे. "ताई, तक्रार नाही, मला विचारायचं आहे," हा म्हणाला. त्या म्हणाल्या, तक्रार नोंदवल्याशिवाय विचारता येत नाही. मग तक्रार नोंदवली, आणि सरकारी खात्यात उभं आयुष्य गेलेल्या प्रशीलला पहिल्यांदा कळलं, की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं. सायंकाळी मेल आला: तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे. उत्तर काहीच नव्हतं.

पण प्रशील हार मानणारा नव्हता, हेच तर दुखणं आहे. त्यानं व्हिडिओ बघितले. आवाज म्हणजे संगणकाच्या लेखी नुसती आकड्यांची लांबच लांब रांग. जागा फक्त मजकूर घेते ना? मग रांगेचाच मजकूर करू! पहिल्यांदा त्यानं आकडे स्वल्पविराम घालून एकामागे एक लिहून टाकले. एवढ्याशा 'हॅलो'चा इतका मजकूर झाला, की पान उघडता उघडता वृषालीचा फोन गरम झाला आणि तिनं तो फ्रीजवर नेऊन ठेवला.

मग पाटलांनीच पुण्यातल्या भाच्याला फोन लावून दिला. भाचा घाईत होता. "काका, बेस सिक्स्टीफोर करा," एवढं म्हणाला आणि मीटिंगला गेला. प्रशीलनं शोधून काढलं. ही एक सरळ युक्ती आहे. आकडे तीन-तीनच्या गटानं घ्यायचे आणि प्रत्येक गटाची चार साधी इंग्रजी अक्षरं करायची. तिकडे ती अक्षरं परत उलटवली की आवाज जसाच्या तसा. त्या रात्री जेवताना त्यानं हे वृषालीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दादाच्या आवाजाची एबीसीडी?" तो म्हणाला, "अगदी!" आणि बायकोला आपलं काम कळलं या आनंदात त्यानं एक पोळी जास्त खाल्ली.

आता हिशोब. मजकुराच्या रकान्यात पासष्ट हजार अक्षरं मावत होती. अर्ध्या मिनिटाच्या आवाजाची रांग भरत होती साठ हजारांची. साठ हे पासष्टपेक्षा कमी. वरिष्ठ लिपिकाला एवढं कळतं. त्यानं अर्ध्या मिनिटाची मर्यादा घातली, आणि स्वतःच्या आवाजात 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' असं चार सेकंद बोलून बघितलं. उत्तम वाजलं. पाकळ्याही पडल्या.

सुटी काढून तो धुळ्याला गेला. वाल्मीकभाऊंनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. आवाजाला कशाला सदरा, असं प्रज्ञा म्हणाली, तर म्हणाले, "बोलवायला निघालोय मी." पाठीशी उशा लावून बसले आणि एकेका घराला बोलवायला लागले. प्रशील समोर खुर्चीत फोन धरून. पडद्यावर सेकंद पळत होते आणि त्याचं सगळं लक्ष त्या सेकंदांवर. अर्ध्या मिनिटाच्या आत संपायला हवं. पंचवीस झाले की तो बोटानं खूण करायचा, भाऊ आवरतं घ्यायचे.

सोनगीरचं सगळ्यात शेवटी. भाऊ पाणी प्याले. खोलीतल्या सगळ्यांना त्यांनी बाहेर घालवलं, एकटा प्रशील राहिला. भाऊ बोलले. त्यांचा आवाज मध्येच घोगरा झाला. प्रशील सेकंद बघत होता. बरोबर तिसाव्या सेकंदाला भाऊ थांबले.

"बसलं का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"अगदी बरोब्बर बसलं, भाऊ!" प्रशील म्हणाला.

आवाज थेट वेबसाइटवर जायचा, फोनमध्ये प्रत राहायची नाही. 'फोन भरत नाही' म्हणून प्रशीलनं ही सोय मुद्दाम केली होती. पडद्यावर हिरवी खूण आली, 'जतन झाले'. प्रत्येक पान त्यानं उघडून सुरुवात ऐकली. "जय भीम आबा, मी वाल्मीक..." स्वच्छ आवाज. सगळ्यांना लिंका गेल्या. घरच्यांनी जावयाला श्रीखंड वाढलं. भाऊंनी तर भिंतीकडे बघून दोनदा म्हटलं, "आमचे जावई!"

पहिला फोन बोदवडहून आला, जळगावला, वृषालीला. तिची मावशी कुंदाबाई.

"वाल्मीकनं आवाज पाठवला बाई. माझा गुडघा कसा आहे विचारलं, म्हशीचं विचारलं, नातवाच्या बारावीचं विचारलं. इतकं बरं वाटलं! अगं पण प्रज्ञाचं लग्न आहे म्हणे? लोकांकडून कळलं. आम्हाला बोलावायचं नाही का तुम्हाला?"

"असं कसं मावशी, त्यातच बोलावलं आहे ना!"

"बारावीच्या पुढे काही नाही त्यात. मी तीनदा ऐकलं."

"त्यांच्या फोनमध्ये काही असेल," प्रशील म्हणाला. मग पिंपळनेरहून फोन आला. तिथेही विचारपूस नीट आली होती, बोलावणं नव्हतं. मग शिरपूर, मग साक्री. साक्रीच्या पाहुण्यांना वाटलं होतं, वाल्मीकभाऊ आजारी आहेत आणि जायच्या आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेताहेत. ते केळी घेऊन निघालेही होते.

प्रशीलनं कुंदाबाईंचं पान उघडलं आणि पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकलं. "...म्हैस दूध देते का? नातू पास झाला ना? बरं मावशी, आता कामाचं सांगतो, आपल्या—" आणि शांतता. मागे पाकळ्या पडतच होत्या.

तो पंख्याखाली बसूनही घामानं भिजला. आकड्यांची रांग साठ हजार होती, बरोबर. पण तीनाची चार अक्षरं होतात हे त्यानंच बायकोला जेवताना समजावून सांगितलं होतं, आणि हिशोब करताना तोच विसरला होता. साठाचे झाले होते ऐंशी. रकान्यात मावले पासष्ट. वरचं सगळं त्या रकान्यानं कापून टाकलं, तक्रार न करता, वर हिरवी खूण करून. प्रत्येक बोलावण्याची शेवटची पाच-सहा सेकंदं गेली होती. आणि आपल्याकडचा माणूस कामाचं बोलतो ते शेवटच्या पाच-सहा सेकंदांतच! आल्या आल्या कामाचं काढलं तर लोकांना वाटतं, हा भांडून आलाय. विचारपूस आधी, 'या' शेवटी. प्रशीलच्या वेबसाइटनं खानदेशभर नेमका 'या' तेवढा कापला होता.

आणि मग त्याला सोनगीर आठवलं.

ते पान उघडायला त्याला धीर होईना. वृषालीनंच उघडलं.

"जय भीम आबा. मी वाल्मीक. आवाजावरून ओळखलं असेल. तब्येत कशी शे? डोळ्याचं ऑपरेशन झालं का? आबा, आपल्या प्रज्ञाचं लगीन ठरलं. त्या टायमाला स्टेजवर तुमचं नाव माझ्याकडून राहून गेलं, तेव्हापासून तुमच्याशी बोलायला मला तोंड नाही. लोक मला म्हणतात, आबांना बोलावू नको, ते आले का वाद होतो—"

एवढंच.

वृषाली नवऱ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर प्रशीलला बरं वाटलं असतं. "आबांनी ऐकलं का हे?" तिनं हळूच विचारलं. ऐकलं होतं. आबांच्या शेजारचे जीवराम नात्यातलेच, त्यांचा निरोप थोड्याच वेळात आला. आबांनी तो आवाज पारावर चार माणसांत मोठ्यानं लावला होता. पुतण्याचा आवाज इतक्या वर्षांनी आला म्हणून सगळ्यांना ऐकवायला लावला होता. आणि ऐकून झाल्यावर सांगितलं होतं, "त्या लोकेसले सांगा, काळजी करू नका. आबा येत नही."

नवल पाटील सल्ला घेऊन हजर होतेच. "सरळ सांगा नेटवर्क नव्हतं. नेटवर्क नव्हतं म्हटलं की आपल्याकडे कोणी पुरावा मागत नाही. तुमचं नाव कशाला यायला हवं?"

आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही, की प्रशीलला ते पटलं. धुळ्याला जाईपर्यंत, पारोळ्याच्या पुढे चहाला थांबेपर्यंत, त्याचं नेटवर्कचं सगळं भाषण तयार झालं होतं. त्यात टॉवर होता, वादळी वारा होता, कंपनीही होती. फक्त तो नव्हता.

वृषालीसह धुळ्याच्या घरी पोचला तर वाल्मीकभाऊ पलंगावर तसेच, दाढी वाढलेली. निरोप त्यांनाही पोचला होता.

"माझंच चुकलं, जावईबापू," ते म्हणाले. "मीच काहीतरी वाकडं बोललो असेन. जन्मभर गाड्या पुकारल्या, माणसाशी बोलता आलं नाही मला. तुम्ही एवढी मेहनत घेतली आणि मी तोंडानं घाण केली." आणि आत हाक मारून म्हणाले, "प्रज्ञा, पाहुण्यांना सरबत दे. उन्हातून आलेत."

सरबत आलं. प्रशीलनं ते घेतलं. एक घोट प्याला. टॉवर आणि वारा जिभेवर तयार होते. वृषाली दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "अहो, तुम्ही सांगता का मी सांगू?"

त्यानं सांगितलं. ग्लास हातात तसाच ठेवून, खाली बघून, सगळं सांगितलं. तीनाचे चार, साठाचे ऐंशी, रकाना, हिरवी खूण. त्याचे कान लाल झाले होते. प्रज्ञा सरबताचा ट्रे घेऊन तिथेच थांबली होती, आणि होणाऱ्या नवरीसमोर आपण कसे दिसत असू या विचारानं त्याला फरशीखाली जावंसं वाटलं.

"सगळ्यांचंच शेवटचं गेलं?" भाऊंनी विचारलं.

"सगळ्यांचंच."

"आणि आबांचं परत काढता येत नाही?"

"नाही, भाऊ. त्याची प्रत मी ठेवली नाही."

वाल्मीकभाऊंनी उशाजवळचा फोन हातात घेतला. रागावले नाहीत. माणूस रागावला की आपल्याला उलट रागावता तरी येतं. "बाकीच्यांना मी फोन लावतो एकेकाला," ते म्हणाले. "आबांना फोन नाही चालायचा. गाडी काढा."

मे महिन्याचं दुपारचं ऊन. प्रशीलच्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर भाऊ आडवे, प्लास्टरचा पाय खिडकीतून थोडा बाहेर, त्यावर प्रज्ञानं उन्हाचा ओला पंचा टाकलेला. टोलनाक्यावरच्या माणसानं पायाकडे बघून दवाखाना मागच्या बाजूला आहे असं सांगितलं. प्रशील मनात वाक्यं जुळवत होता. सोनगीर आलं, किल्ला दिसला, तांब्या-पितळेची दुकानं गेली, आणि आबांचं घर आलं तेव्हा त्याला एकही वाक्य आठवेना.

सुकदेव आबा खाटेवर बसले होते. बनियन, धोतर, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चश्मा. पुतण्या एका पायावर, जावयाच्या खांद्यावर भार टाकून दारातून आत आला, तरी आबा उठले नाहीत. पण त्यांच्या बायकोनं, सुंदरबाई अक्कांनी, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि भाऊंना खुर्ची, पायाखाली गोणी, असं सगळं केलं. गेल्या इतक्या वर्षांत या घरात भाऊंसाठी हे पहिलं पाणी होतं. ते त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

"आबा, चूक माझी आहे," प्रशील म्हणाला. "भाऊंनी पूर्ण बोलावणं केलं होतं. त्याचं शेवटचं माझ्याकडून कापलं गेलं."

"तू काप्यं?"

"मी म्हणजे, रकान्यानं. पण रकाना मी केला होता. आबा, आवाज म्हणजे आकडे असतात. तीन आकड्यांची चार अक्षरं होतात. मी तीनच धरले."

आबा काळ्या चश्म्यातून त्याच्याकडे बघत राहिले. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं वरिष्ठांसमोर उभा राहिलेला माणूस, पण इतकं उघडं त्याला कधी वाटलं नव्हतं. "म्हणजे हाऊ बोलना, अन् ते तुन्हा डब्बामा मायनं नही," आबा म्हणाले.

"हो आबा. मावलं नाही."

"बरं." आबा पुतण्याकडे वळले. "मंग काय व्हतं पुढे? बोल."

वाल्मीकभाऊंनी तोंड उघडलं. ज्या आवाजानं नवापूर ते नागपूर गाड्या हलवल्या, तो आवाज बाहेर येईना. एकदा घसा खाकरला, दोनदा खाकरला. "एकदा बोलून गेलो आबा," ते कसेबसे म्हणाले. "सगळी हिंमत गोळा करून. आता समोर... नाही येत."

"मी बी तेच ऐकाले बठेल व्हतो," आबा म्हणाले. आणि मग त्यांनी मान प्रशीलकडे वळवली. आवाज चढवला नाही. "तू तठे व्हता ना? त्या टायमाले?"

"हो आबा. मी एकटाच होतो."

"मंग तूच सांग. काय बोलना हाऊ मन्हाबद्दल?"

प्रशीलनं आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले. इस्त्रीचा सदरा आठवला. पाण्याचा पेला आठवला. भाऊंचा आवाज घोगरा झाला होता ते आठवलं. आणि पडद्यावरचे आकडे आठवले, स्वच्छ, ठळक: सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. ओठ हललेले दिसत होते. शब्द एकही नव्हता.

"आबा," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. मी सेकंद बघत होतो."

अक्कांनी तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. प्रशीलला वाटलं, भाऊंनी शिवी द्यावी, आबांनी काठी उचलावी, निदान धुळ्याला थांबलेली वृषाली इथे असती तर तिनं 'अहो' तरी म्हटलं असतं. भाऊ फक्त त्याच्याकडे बघत होते. समोर बसलेल्या माणसाला आपण सगळं काळीज काढून दाखवलं होतं आणि तो घड्याळ बघत होता, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"जवाईबापू," आबा म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

प्रशील बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दार लोटलं गेलं. ओटा तापलेला होता, पण उठून सावलीत बसायचा आपल्याला अधिकार आहे असं त्याला वाटेना. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. थोड्या वेळानं जीवराम आले. त्याला जरा न्याहाळून म्हणाले, "तुम्हीच ना ते वेबसाइटवाले? पाकळ्या भारी पडतात हो. आमच्या पोराचं दिवाळीनंतर आहे. करून द्याल का?" प्रशीलनं मान हलवली. हो की नाही ते जीवरामांना कळलं नाही, त्यालाही कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाल्मीकभाऊंचे डोळे सुजलेले होते. आबांनी चश्मा काढून हातात घेतला होता, डॉक्टरांनी काढू नका सांगितलेला असताना. आबांनी स्वतः पुतण्याला एका बाजूनं धरलं होतं. प्रशील दुसऱ्या बाजूनं धरायला पुढे झाला, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, शे मी." गाडीत बसवताना प्लास्टरचा पाय त्यांनीच अलगद आत घेतला. मग खिडकीतून वाकून पुतण्याला म्हणाले, "पुढली रांगमा खुर्ची ठेवजो. दोन. अक्का बी येई."

परतीच्या वाटेवर भाऊ मागच्या सीटवर टेकून गुणगुणत होते. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा लागत होता. सुटलो बुवा, असं प्रशीलला वाटायला हवं होतं. काम झालं होतं, आबा येणार होते, प्रज्ञाच्या लग्नात कोणाची लाज जाणार नव्हती. नगाव मागे पडलं. शेवटी त्याच्यानं राहवेना. आरशात बघत त्यानं विचारलं, "भाऊ, एक विचारू? आबांना शेवटी काय सांगितलंत?"

वाल्मीकभाऊ गुणगुणायचे थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. अगदी मायेनं म्हणाले,

"जावईबापू, ते तुमच्यासमोर बोललो होतो ना मी."